जर्मनीचे प्रेषित संत बोनिफास

ज्यांच्या श्रमांनीं जर्मन देशांत ख्रिस्तसभेचीं मुळें खोल रुजलीं, त्या संत बोनिफास यांचें अल्प चरित्र ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं वाचकांपुढें ठेवण्यांत आम्हांस संतोष वाटतो.

त्यांचा जन्म सुमारें ६७५ सालीं इंग्लंडांत झाला. मूळचें नांव विनफ्रिड. बालपणींच ते मठांत गेले. पुढें नर्सलिंगच्या मठांत त्यांनीं अध्यापन केलें व लॅटिन व्याकरण रचिलें. विद्वान म्हणून त्यांची कीर्ति झाली होती. परंतु त्यांचें मन परदेशांतील धर्मप्रसाराकडे ओढ घेत होतें.

७१६ सालीं ते समुद्र ओलांडून फ्रीजलंडास, म्हणजे हल्लींच्या हॉलंडच्या किनाऱ्यास, गेले. तेथें राजा रॅडबॉड याचें फ्रँक लोकांशीं युद्ध चालू होतें. चर्चें उद्ध्वस्त झालीं होतीं. विनफ्रिड रिकाम्या हातीं परतले. मठवासीयांनीं देऊं केलेलें मठाधिपतीचें पद त्यांनीं घेतलें नाहीं, आणि ७१८ सालीं मायभूमि सोडली ती कायमचीच. पुढील वर्षीं रोम येथें पोप दुसरे ग्रेगरी यांनीं त्यांस धर्मप्रसाराची आज्ञा व बोनिफास हें नांव दिलें. ७२२ सालीं ते बिशप झाले.

हेसन प्रांतांत गाइस्मार येथें डोनार या मेघगर्जनेच्या देवास वाहिलेला एक प्रचंड ओक वृक्ष होता. सुमारें ७२३ सालीं त्यांनीं तो सर्वांच्या देखत तोडिला. देवाचा कोप झाला नाहीं हें पाहून अनेकांनीं विश्वास धरिला. त्याच लांकडाचें संत पेत्राच्या नांवें एक लहान चर्च उभें राहिलें. आमच्या मतें या कथेंत कुऱ्हाडीपेक्षां त्या चर्चचें महत्त्व अधिक आहे. कारण पुढील तीस वर्षें संतांनीं बांधण्याचेंच काम केलें. मायदेशीं पत्रें धाडून त्यांनीं ग्रंथ, प्रार्थना व मदतनीस मागितले. त्यांच्या हांकेस ओ देऊन संत लिओबा व इतर व्रतस्थ भगिनी आल्या. ७३९ सालीं त्यांनीं बव्हेरियांत चार धर्मप्रांतांची व्यवस्था लाविली. ७४४ सालीं त्यांचे शिष्य स्टुर्म यांनीं फुल्डाचा मठ वसविला. धर्मसभा भरवून धर्मगुरूंस शस्त्रें धरण्याची व शिकारीची बंदी केली.

आतां वय ऐंशीच्या घरांत गेलें होतें. माइन्झ येथें विश्रांति घेतां आली असती. तथापि जेथें प्रथम अपयश आलें, तें फ्रीजलंड त्यांच्या मनांतून गेलें नव्हतें. शिष्य लुल यांच्याकडे कारभार सोंपवून, ग्रंथांच्या पेटींत स्वतःचें कफन ठेवावयास सांगून ते निघाले. ५ जून ७५४ रोजीं डोक्कम येथें नवख्रिस्ती बांधवांस दृढीकरण द्यावयाचें होतें. पहांटे सशस्त्र टोळी चालून आली. प्रतिकार करूं नका, असें सोबत्यांस बजावून वृद्ध बिशपांनीं सुमारें पन्नास जणांसह प्राण अर्पिला. लुटारूंस सोन्याऐवजीं पेट्यांत ग्रंथ सांपडले. वार झालेला एक ग्रंथ फुल्डा येथें अद्याप जपून ठेविला आहे. संतांचा देहही तेथेंच विसांवला आहे.

वाचकहो, ज्युबिलीच्या दिवशीं आपण उभ्या भिंती पाहतों. त्या भिंतींमागें कोणाचें तरी अपयश, पुन्हां केलेला यत्न व निमूट श्रम असतात. जें काम आपल्या हातून एकदां फसलें, त्याकडे पुन्हां वळण्याचें धैर्य संत बोनिफास यांच्या विनवणीनें आमच्या धर्मग्रामास लाभो, हीच प्रभुचरणीं प्रार्थना.