सुतार पक्ष्याने लावलेले वेड

रॉजर टोरी पीटरसन यांचा जन्म २८ ऑगस्ट १९०८ रोजी अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन या गावी झाला. पोरगा हुशार, पण खोडकर. सातवीत असताना ब्लँश हॉर्नबेक या शिक्षिकेने शाळेत ‘ज्युनिअर ऑड्युबॉन क्लब’ सुरू केला. वर्गणी भरली की मुलांना पक्ष्यांची माहितीपत्रके आणि रंगवायला चित्रे मिळत.

त्याच सुमारास अकरा वर्षांच्या रॉजरला झाडावर पिसांचा एक निर्जीव गोळा दिसला. तो फ्लिकर जातीचा सुतार पक्षी होता. मेलाय असे समजून त्याने हात लावला मात्र, पक्षी डोळे उघडून सोनेरी पंख फडकवत भुर्रकन उडाला. तो दमून झोपला होता एवढेच! फ्लिकर रॉजरचा कायमचा आवडता झाला.

१९२७ मध्ये चित्रकला शिकायला न्यूयॉर्कला गेल्यावर त्याला ‘ब्रॉन्क्स काउंटी बर्ड क्लब’ भेटला. १९२४ मध्ये शाळकरी पोरांनीच तो काढला होता. ही पोरे कचरा डेपोही सोडत नसत, कारण तिथे उंदरांवर टपलेली घुबडे दिसत. एकाला गव्हाणी घुबडाचे वेड, तर जोसेफ हिकीला पुढे बहिरी ससाण्याचा ध्यास लागला.

तेव्हा पक्ष्याची खात्री करण्यासाठी अनेकदा त्याला गोळी घालत. पीटरसन यांनी १९३४ मध्ये काढलेल्या पुस्तकात मात्र प्रत्येक पक्ष्याची नेमकी खूण बाणाने दाखवली होती. डॉक्टर लक्षणांवरून आजार ओळखतात, तसा दुरून पक्षी ओळखा, असा हा धडा. अनेक प्रकाशकांनी नाकारलेल्या या पुस्तकाची पहिली आवृत्ती हातोहात संपली.

१९५४ मध्ये ते कनेटिकटमधील ओल्ड लाइम येथे राहायला गेले. जवळच्या नदीमुखाशी मासे पकडणाऱ्या ऑस्प्रे पक्ष्यांची सुमारे दीडशे घरटी होती. वर्षागणिक ती घटू लागली. अंडी होती, पण पिल्ले निघत नव्हती. १९६४ मध्ये पीटरसन यांनी अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कीटकनाशकांविषयी साक्ष दिली. पुढे १९६८ मध्ये हिकी आणि त्यांच्या सहकाऱ्याने संग्रहालयांतील जुनी अंडी नव्या अंड्यांशी ताडून पाहिली. नव्यांचे कवच पातळ झाले होते.

डीडीटी चरबीत साठते. पाण्यातील सूक्ष्म जिवांतून माशांत आणि माशांतून पक्ष्यांत जाताना त्याचे प्रमाण वाढत जाते. शरीरात त्यापासून तयार होणारा डीडीई हा पदार्थ कवचात कॅल्शियम नीट बसू देत नाही. मग अंडे उबवतानाच फुटते. याच अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला माणूसही आहे. मलेरियाचे डास मारून असंख्य जीव वाचवणाऱ्या या औषधाची शेतांवरील बेसुमार फवारणी घातक ठरली. १९७२ मध्ये अमेरिकेने त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. हळूहळू ऑस्प्रे परतले.

पीटरसन २८ जुलै १९९६ रोजी ओल्ड लाइम येथेच वारले. रोज दिसणारा पक्षी दिसेनासा झाला, हे ज्याला तो ओळखता येतो त्यालाच कळते. शाळेतल्या त्या क्लबने त्यांना तेवढेच शिकवले होते.