मोसमी पावसाचे गणित मांडणारे गिल्बर्ट वॉकर

दूरदेशीच्या समुद्रावरील हवेचा दाब आणि भारतातील शेतशिवारात पडणारा पाऊस यांचा परस्परसंबंध गणिताच्या साहाय्याने शोधणारे शास्त्रज्ञ म्हणून सर गिल्बर्ट वॉकर यांचे नाव आदराने घेतले जाते.

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेल येथे झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या १८८९ च्या गणित परीक्षेत त्यांनी प्रथम क्रमांक पटकाविला. १९०४ मध्ये भारतातील वेधशाळांचे महासंचालकपद त्यांनी स्वीकारले, तेव्हा ते मूलतः गणितज्ञ होते. १८९९ च्या अवर्षणाने ओढवलेल्या भीषण दुष्काळाच्या स्मृती त्या वेळी ताज्या होत्या. पावसाचा पूर्वअंदाज हा लक्षावधी लोकांच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

सूर्याच्या उष्णतेने समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग बनतात आणि वारे ते भूमीकडे वाहून नेतात. परंतु वारे वाहतात ते अधिक दाबाकडून कमी दाबाकडे. म्हणूनच वॉकर यांनी जगभरातील वेधशाळांच्या दाब, तापमान व पावसाच्या नोंदी एकत्र केल्या. संगणक नसलेल्या त्या काळात कार्यालयातील भारतीय कर्मचाऱ्यांनी ही प्रचंड आकडेमोड हातानेच केली.

या परिश्रमांतून एक विलक्षण बाब उघड झाली. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो आणि काही वर्षांनी हे पारडे उलटे झुकते. या हेलकाव्याला त्यांनी ‘दक्षिणी दोलन’ असे नाव दिले.

तरुण श्रीनिवास रामानुजन यांची प्रतिभा ओळखून १९१३ मध्ये त्यांना शिष्यवृत्ती देण्याची शिफारस मद्रास विद्यापीठाकडे करणाऱ्यांत वॉकर हेही होते.

१९२४ मध्ये ते मायदेशी परतले. मोसमी पावसाचा अचूक अंदाज देणारे सूत्र त्यांच्या हाती गवसले नाही. त्यांनी शोधलेले काही संबंध कालांतराने क्षीणही ठरले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९६९ मध्ये जेकब बियर्कनेस यांनी दक्षिणी दोलनाचे एल निनोशी असलेले नाते स्पष्ट केले आणि प्रशांत महासागरावरील हवेच्या चक्राला वॉकर यांचे नाव दिले.

आज मोसमी पावसाचा दीर्घकालीन अंदाज वर्तविताना प्रशांत महासागराच्या स्थितीचा विचार आवर्जून केला जातो, त्यामागे वॉकर यांनी घातलेला हाच पाया आहे.