शोक करणाऱ्यांसाठी गीत

योहान्नेस ब्राम्स यांचा जन्म जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी १८३३ साली झाला. वडील डबल-बास वाजवून संसार चालवीत. मुलगा थोर संगीतकार झाला, परंतु त्याने लग्न केले नाही. १८५६ साली ब्राम्स यांचे हितकर्ते शूमान वारले. फेब्रुवारी १८६५ मध्ये आईही गेली आणि त्यानंतर लवकरच ते 'जर्मन रेक्विएम' रचण्यास लागले.

रेक्विएम म्हणजे रोमन मंडळीतील मृतांसाठीची लॅटिन उपासना. ती बाजूस ठेवून ब्राम्स यांनी ल्यूथरच्या पवित्र शास्त्रातून स्वतः वचने निवडली. आरंभ मत्तय ५:४ चा, म्हणजे गेलेल्यांचा नव्हे, मागे राहून रडणाऱ्यांचा. त्या पहिल्या भागात व्हायोलिन मुळीच वाजत नाही. खालच्या सुरांची तंतुवाद्ये तेवढी चालतात. दुःखाच्या घरी माणसे हलक्या आवाजात बोलतात, तसे ते वाटते.

१८६८ च्या उत्तम शुक्रवारी ब्रेमेनच्या कॅथीड्रलमध्ये ते गायिले गेले. यात ख्रिस्ताच्या मरणाचा उल्लेख नाही, अशी तेथील संगीतप्रमुखांची हरकत होती. ती अगदीच गैर नव्हती. पुढे ब्राम्स यांनी एका स्त्रीकंठासाठी आणखी एक भाग जोडला. त्यात यशया ६६:१३ आहे. वाचकांनी ते वचन काढून पाहावे. मला त्यात त्यांची आईच दिसते.

मे १८९६ मध्ये शूमान यांच्या पत्नी क्लारा मरणपंथास लागल्या असता त्यांनी चार गंभीर गीते रचली. पहिली दोन उपदेशकातली, शेवटचे १ करिंथ १३ वरचे. क्लारा त्याच महिन्यात वारल्या. पुढील वर्षी ३ एप्रिलला व्हिएन्ना येथे ब्राम्सही गेले.