पेशंट बरे होईनात, तेव्हा या डॉक्टरने पेशंटला नाही, स्वतःच्या उपचारांना दोष दिला

फ्रांझ फॅनन हे नाव घेतलं की बहुतेकांना आठवतो तो वसाहतवादाविरुद्ध लिहिणारा जहाल विचारवंत. पण फॅननचा रोजचा धंदा वेगळाच होता. तो मानसोपचारतज्ज्ञ होता.

आणि समोरचा माणूस आपल्यापेक्षा वेगळ्या धर्माचा, भाषेचा, रीतीरिवाजाचा असेल तर त्याच्यावर उपचार कसे करायचे, हा प्रश्न त्याने ७० वर्षांपूर्वी थेट वॉर्डात सोडवायला घेतला होता.

फॅननचा जन्म २० जुलै १९२५ चा. गाव फोर-द-फ्रान्स, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावरचं. बेटावर राज्य फ्रान्सचं. शाळेत मुलांना शिकवलं जायचं की आपण फ्रेंच आहोत. फॅननने ते खरं मानलं आणि दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सकडून लढला. जखमी झाला, शौर्यपदकही मिळालं.

पण सैन्यात त्याला कळून चुकलं की गोऱ्यांच्या नजरेत आपण आधी काळे आहोत, फ्रेंच वगैरे नंतर.

युद्ध संपल्यावर त्याने ल्योन शहरात डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं. वंशभेद माणसाच्या मनाचं काय करतो, यावरचं त्याचं पहिलं पुस्तक १९५२ साली आलं. तेव्हा त्याने तिशीही गाठली नव्हती.

पुढे सेंट-अल्बान इथल्या हॉस्पिटलमध्ये त्याला फ्रान्स्वा तोस्केयेस हे गुरू भेटले. त्यांचं म्हणणं असं की नुसतं पेशंटला बरं करून भागत नाही, आधी हॉस्पिटल बरं करावं लागतं. पेशंटला कोंडून ठेवू नका, त्याला काम द्या, बैठकांत बोलू द्या, माणसांत राहू द्या.

ही शिदोरी घेऊन फॅनन नोव्हेंबर १९५३ मध्ये अल्जेरियातल्या ब्लिदाच्या मनोरुग्णालयात रुजू झाला.

अल्जेरियावरही तेव्हा फ्रेंचांचंच राज्य होतं. हॉस्पिटलात युरोपियन पेशंटचे वॉर्ड वेगळे आणि मुस्लिमांचे वेगळे. तिथल्या मानसोपचारावर आंत्वान पोरो या प्राध्यापकाच्या विचारांचा पगडा होता. उत्तर आफ्रिकेतला माणूस जन्मजातच मागास बुद्धीचा आणि हिंसक असतो, असं ही मंडळी विज्ञानाच्या नावाखाली शिकवत होती.

फॅननकडे दोन्ही प्रकारचे पेशंट आले. युरोपियन बायका आणि मुस्लिम पुरुष. त्याने दोन्हीकडे एकच उपचार सुरू केले. बैठका, सण, सिनेमा, हस्तकला, पेशंटनी चालवलेलं वर्तमानपत्र.

बायकांच्या वॉर्डात वातावरण पालटलं. पुरुषांच्या वॉर्डात मात्र सगळं फसलं. बैठकीला कोणी बसेना, हस्तकलेत कोणाचं मन लागेना.

पोरोच्या शिष्यांना विचारलं असतं तर उत्तर तयार होतं, की हे लोकच तसले.

फॅनन आणि त्याचा तरुण सहकारी जाक अझुले यांनी उलटा विचार केला. चूक आपली आहे. फ्रेंच माणसासाठी बनवलेले उपचार आपण अल्जेरियन माणसावर लादले. बहुतेकांना लिहितावाचता येत नाही, त्यांना वर्तमानपत्र काय कामाचं? हे शेतकरी लोक, त्यांना हस्तकलेत काय रस? सण साजरे केले, पण कोणाचे? आणि आपण त्यांच्याशी बोलतो तेही दुभाष्यामार्फत.

मग वॉर्ड बदलला.

अल्जेरियन पद्धतीचं कॉफीचं दुकान सुरू झालं. नमाजाची सोय झाली, मुस्लिम सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला. कुदळ-फावडं हातात घेऊन पेशंट बागेत राबू लागले. आणि फुटबॉलचं मैदान तयार झालं. जो माणूस बैठकीत तोंड उघडत नव्हता, त्याला चार लोकांत मिसळायला खेळ ही हक्काची वाट मिळाली.

आपला आधीचा प्रयोग का फसला, हे या दोघांनी १९५४ साली शोधनिबंध लिहून जाहीरपणे मांडलं.

पुढे त्याने मानसशास्त्रीय चाचण्याही तपासल्या. एका प्रसिद्ध चाचणीत चित्र दाखवून गोष्ट सांगायला लावतात. चित्रं होती पाश्चात्त्य जगातली. अल्जेरियन बायकांना ती परकी वाटली, गोष्ट काही जुळेना. पण कोरं कार्ड हातात दिलं, तेव्हा त्या भरभरून बोलल्या. कल्पनाशक्ती नव्हती असं नाही, चित्रंच चुकीची होती.

नोव्हेंबर १९५४ मध्ये अल्जेरियाचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. फॅननकडे छळ सोसलेले लोक यायचे आणि छळ करणारे पोलीसही. त्याने दोघांवर उपचार केले. पण जी राजवट माणसांना वेडं करते तिच्याच पगारावर राहून त्यांना बरं कसं करणार, असा पेच पडला. १९५६ मध्ये त्याने राजीनामा दिला. जानेवारी १९५७ मध्ये त्याला अल्जेरियातून हद्दपार केलं गेलं.

ट्युनिस गाठून तो उघडपणे स्वातंत्र्यलढ्यात उतरला, तरी पेशंट बघणं सोडलं नाही. दिवसा उपचार घेऊन रात्री घरी जाता येईल असा विभाग त्याने तिथे चालवला.

६ डिसेंबर १९६१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने तो गेला. वय अवघं ३६. स्वतंत्र अल्जेरिया त्याला बघता आला नाही. ब्लिदाच्या त्या हॉस्पिटलला आज त्याचंच नाव आहे.

आज कोणी खेळाडूंचा काउन्सेलर होतो, कोणी परप्रांतातून आलेल्या कामगारांशी बोलतो, कोणी ट्रान्सजेंडर मुलामुलींशी. समोरचा गप्प बसला की तो सहकार्य करत नाही, असा शेरा मारणं सोपं असतं. त्याआधी आपण त्याच्या हातात कुठलं चित्र दिलंय हे तपासायचं, एवढं फॅननकडून घेण्यासारखं आहे.