अहमदाबाद नगरपालिकेतला मराठी माणूस देशाच्या पहिल्या लोकसभेचा अध्यक्ष झाला होता

तारीख 24 जानेवारी 1946. ठिकाण दिल्ली.

इंग्रज अजून देश सोडून गेले नव्हते. सेंट्रल लेजिस्लेटिव्ह असेंब्लीच्या, म्हणजे तेव्हाच्या केंद्रीय कायदेमंडळाच्या, अध्यक्षाची निवडणूक होती. एका बाजूला सरकारचं पाठबळ असलेले सर कावसजी जहांगीर, तर दुसऱ्या बाजूला काँग्रेसचे उमेदवार गणेश वासुदेव मावळणकर.

सभागृहात सरकारी अधिकारी आणि सरकारने नेमलेले सदस्यही मतदान करणार होते. त्यामुळे पारडं सरकारकडे झुकेल असं वाटत होतं. पण मतं मोजली तेव्हा कावसजींना 63 आणि मावळणकरांना 66 मतं पडली होती.

फक्त 3 मतांनी सरकारचा उमेदवार पडला.

आता प्रश्न पडतो, हे मावळणकर दिल्लीपर्यंत पोहोचले कसे? तर त्यांची सुरुवात झाली होती अहमदाबादच्या नगरपालिकेतून.

मावळणकरांचं घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वरजवळच्या मावळंगे गावचं. गणेश यांचा जन्म 27 नोव्हेंबर 1888 चा, बडोद्यातला. शाळेची काही वर्षं राजापुरात गेली. 1902 मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादला आले आणि तिथलेच झाले. गुजरात कॉलेजातून बीए, मग कायद्याची पदवी आणि 1913 पासून वकिली, असा प्रवास झाला.

वकिलीत जम बसत असतानाच ते गुजरात सभेचे सचिव झाले. इथेच गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांच्याबरोबर काम सुरू झालं. 1919 मध्ये ते अहमदाबाद नगरपालिकेवर निवडून गेले. वल्लभभाई तिथे दोन वर्षं आधीच पोहोचले होते.

तेव्हाची नगरपालिका म्हणजे नळ, गटारं, रस्ते आणि शाळा. पण या साध्या कामांतूनच सरकारशी मोठा संघर्ष उभा राहिला. असहकार चळवळीत नगरपालिकेने आपल्या शाळांवरचं सरकारी नियंत्रण झुगारलं. चिडलेल्या सरकारने फेब्रुवारी 1922 मध्ये नगरपालिकाच बरखास्त केली.

निवडणुका पुन्हा झाल्या आणि 1924 मध्ये वल्लभभाई नगराध्यक्ष झाले. मावळणकरही पुन्हा सभागृहात आले. पुढे 1930 ते 1933 आणि 1935-36 अशी दोनदा त्यांनी नगराध्यक्षपदाची खुर्ची सांभाळली. 1930 आणि 1940 च्या दशकांत त्यांना अनेकदा तुरुंगातही जावं लागलं. तिथे भेटलेल्या कैद्यांच्या खऱ्या कहाण्यांवर त्यांनी गुजरातीत पुस्तक लिहिलं.

1937 मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं सरकार आलं आणि मावळणकर विधानसभेचे अध्यक्ष झाले. तिथून 1946 ला दिल्ली.

महाराष्ट्राशी असलेली नाळ मात्र तुटली नव्हती. मे 1947 मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांसाठी खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले, तेव्हा तोडगा काढण्यासाठी मावळणकरांनी मध्यस्थी केली होती.

स्वातंत्र्यानंतर खरी परीक्षा सुरू झाली.

15 मे 1952 ला पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मावळणकरांसमोर उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे, म्हणजे लढत दोन मराठी माणसांत झाली. मावळणकर 394 विरुद्ध 55 मतांनी जिंकले.

काँग्रेसचं प्रचंड बहुमत, पंतप्रधान नेहरू आणि अध्यक्षही काँग्रेसचेच. अशा वेळी सरकार म्हणेल तसं सभागृह चालवणं सोपं होतं. पण मावळणकरांनी सरकारला अडचणीची वाटेल अशी घडी बसवली. प्रश्नोत्तराच्या तासाला वजन आलं ते त्यांच्या काळात. सरकारचा खर्च तपासणारी अंदाज समिती 1950 मध्ये नेमली गेली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का, हे बघायला 1953 मध्ये वेगळी समिती आली. शब्द दिला की पाठपुरावा करायचा, हे नगरपालिकेत सवयीचं असलेलं काम आता थेट केंद्रीय मंत्र्यांच्या मागे लागलं होतं.

एवढंच नाही, संसदेला बाजूला ठेवून वारंवार अध्यादेश काढण्याची पद्धत चुकीची आहे, असं त्यांनी थेट नेहरूंना पत्र लिहून कळवलं होतं.

अर्थात त्यांचे सगळेच निर्णय विरोधकांना पटले असं नाही. अधिकृत विरोधी पक्ष म्हणून मान्यता हवी असेल तर सभागृहाच्या किमान एक दशांश जागा हव्यात, हा दंडक त्यांच्याच काळातला. आठवतंय? 2014 मध्ये काँग्रेसला 44 आणि 2019 मध्ये 52 जागा मिळाल्या. दोन्ही वेळा लोकसभेत विरोधी पक्षनेता नव्हता. त्या वादात हाच एक दशांशाचा दंडक पुन्हा चर्चेत आला.

डिसेंबर 1954 मध्ये तर मावळणकरांना पदावरून हटवण्याचा ठराव आला. ते पक्षपात करतात असा विरोधकांचा आरोप होता. लोकसभा अध्यक्षाविरुद्धचा हा पहिलाच ठराव. पण या विषयाकडे पक्षाचा प्रश्न म्हणून बघू नका, असं नेहरूंनी आपल्या खासदारांना सांगितलं. ठराव फेटाळला गेला. तरीही अध्यक्षालाही प्रश्न विचारता येतो, हे त्या दिवशी दिसलं.

27 फेब्रुवारी 1956 ला मावळणकर गेले, तेव्हा ते पदावरच होते. त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागेवर पत्नी सुशीला मावळणकर बिनविरोध निवडून आल्या.

नेहरू त्यांना लोकसभेचे जनक मानायचे. आज लोकसभा अध्यक्ष कुणाच्या बाजूने झुकले यावरून गदारोळ होतो, तेव्हा हा इतिहास माहीत असायला हवा. अध्यक्षाने आपल्याच पक्षाच्या सरकारला किती अडवायचं, हा प्रश्न पहिल्या लोकसभेपासूनचा आहे. आणि त्याला पहिल्यांदा सामोरा गेलेला माणूस गटार आणि शाळांच्या बैठकांत तयार झाला होता.