पँथर आईचा मुलगा

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत कल्याणच्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज वाजला नाही असे होत नाही. ते २००४ साली गेले, आवाज राहिला. त्याच मिरवणुकीत आता आपली पोरे स्वतः लिहिलेले रॅपही म्हणतात आणि एखाद्याच्या टी-शर्टवर एका काळ्या अमेरिकन तरुणाचे चित्र असते. हा कोण, असे मी एकदोघांना विचारले. नाव सांगता आले, पुढचे नाही.

टुपाक अमारू शकूर. जन्म १६ जून १९७१, न्यूयॉर्क. आई अफेनी ब्लॅक पँथर पक्षाची कार्यकर्ती. याच पक्षापासून प्रेरणा घेऊन १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. १९६९ मध्ये पोलिसांनी एकवीस पँथरांवर बॉम्बस्फोटांच्या कटाचे आरोप ठेवले. अफेनीने वकील घेतला नाही. पोटात मूल असताना ही बाई कोर्टात उभी राहून पोलिसांच्या गुप्तहेराची उलटतपासणी घेत होती! आम्हा काळ्या कोटवाल्यांनी मान खाली घालावी असे हे काम आहे. मे १९७१ मध्ये ज्यूरीने आरोपींना निर्दोष सोडले आणि महिन्याभराने टुपाक जन्मला. त्याचे नाव पेरू देशात स्पॅनिश सत्तेविरुद्ध लढून १७८१ साली मारल्या गेलेल्या बंडखोरावरून ठेवले.

बालपण दारिद्र्यात गेले. बाल्टिमोरच्या कलाशाळेत तो नाटक आणि कविता शिकला. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात आला, तेव्हा आई व्यसनात सापडली होती. १९९१ च्या पहिल्या अल्बममध्ये त्याने पोलिसी अत्याचार आणि बारा वर्षांच्या कुमारी मातेची कहाणी मांडली. अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षांनी त्यावर जाहीर टीका केली. १९९४ मध्ये एका तरुणीवरील लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात तो दोषी ठरून तुरुंगात गेला. त्याला नायक करताना हे पान फाडून टाकणे फुले-आंबेडकरांच्या अनुयायांना शोभणार नाही. सुटून वर्षही झाले नाही तोच ७ सप्टेंबर १९९६ रोजी लास वेगासमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १३ तारखेला तो गेला. वय अवघे २५.

मृत्युपत्र नव्हते. सोडून गेलेला बाप वाटा मागत कोर्टात आला. त्याला तो मिळाला नाही. (आपल्याकडे असा मुलगा गेला तर आई पहिल्या वर्गाची वारस, बाप दुसऱ्या. आणि आपण बौद्ध असूनही आपल्याला लागू होतो तो हिंदू वारसा कायदाच, पण तो वेगळा विषय.) अफेनीने १९९७ मध्ये स्वतःची कंपनी काढली, रेकॉर्ड कंपनीला कोर्टात खेचले आणि मुलाच्या अप्रकाशित फिती मिळवल्या. १९९२ साली ध्वनिमुद्रित झालेले ‘चेंजेस’ हे गाणे ब्रूस हॉर्न्सबी यांच्या १९८६ च्या गाण्याच्या चालीवर नव्याने सजवून १९९८ मध्ये बाजारात आले. गरिबी, पोलीस, वस्तीत शिरलेले अमली पदार्थ, मारला गेलेला पँथर नेता ह्यूई न्यूटन, सगळे त्यात आहे. गायकाच्या मृत्यूनंतर आलेल्या या गाण्याला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. अफेनी २०१६ साली वारली. तोवर मुलाच्या आवाजाचा कारभार तिच्याच हाती होता.

आणि आपले शाहीर? कॅसेटच्या जमान्यात एकरकमी बिदागी हातावर ठेवून सही घेतली गेली आणि गाणे आजही वाजते आहे, अशा कहाण्या घेऊन गायक-कवींची मुले माझ्याकडे येतात. गीतकाराचा कॉपीराइट त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९९४ च्या दुरुस्तीनुसार करारात मुदत लिहिलेली नसेल, तर हक्क पाच वर्षांपुरतेच दिले असे धरले जाते. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्कही दिला. बहुतेकांकडे कराराची प्रतच नसते. ज्यांच्याकडे आहे त्यांनी ती रद्दीत घालू नये आणि रॅप करणाऱ्या पोरांनी सही करण्याआधी कागद वाचून घ्यावा, न समजल्यास कोणा वकिलाला दाखवावा.