घटक ४ : ज्ञानकोशकार डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर – ज्ञानलेखन हाच व्यवसाय

४.१ प्रस्तावना

उपयोजित मराठीच्या या पुस्तिकेत आतापर्यंत आपण अहवाल, माहितीपत्रक, सूचनापुस्तिका आणि कोशातील नोंद या लेखनप्रकारांची ओळख करून घेतली. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. लेखकाजवळ किंवा तज्ज्ञाजवळ असलेली माहिती, ती माहिती नसलेल्या वाचकाला वापरता येईल अशा रूपात पोचवणे, हे या लेखनाचे काम असते. काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात, दिवसा विजेची कामे करणाऱ्या एका विद्यार्थ्याने प्रस्तुत लेखकाला विचारले होते, की मराठीत असे लेखन करून माणसाचे पोट भरते काय? तेव्हा दिलेले उत्तर गुळमुळीत होते. हा घटक म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजावे. ते सरळ ‘होय’ किंवा ‘नाही’ असे नाही. म्हणूनच त्यासाठी एका माणसाचे चरित्र सांगावे लागते.

४.२ रायपूर ते इथका

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीत आणि पुढचे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले. न्यूयॉर्क राज्यातील इथका या गावी असलेल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १९११ मध्ये पीएच.डी. ही पदवी मिळवली. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्याच विषयाचा पुढचा भाग, हिंदुत्वाची मीमांसा करणारा, १९११ मध्ये लंडनमध्ये छापला गेला. म्हणजे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी केतकरांच्या नावावर दोन इंग्रजी ग्रंथ होते. परतीच्या वाटेवर ते सुमारे वर्षभर लंडनला राहिले.

ते परदेशी असतानाच, १९१०-११ मध्ये, ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ची प्रसिद्ध अकरावी आवृत्ती २९ खंडांत बाहेर पडली. तिच्यामागे केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयाचे पाठबळ होते. कोश हा एकट्या पंडिताचा ग्रंथ न राहता संपादक, सहायक, मुद्रक आणि विक्रेते यांचा मिळून एक उद्योग कसा होतो, याचा हा सर्वांत मोठा नमुना त्या काळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता.

१९१२ मध्ये मायदेशी परतल्यावर केतकरांनी कलकत्ता विद्यापीठात काही काळ अध्यापन केले. परदेशी पदवी आणि इंग्रजीवर प्रभुत्व असलेल्या माणसाला हा मार्ग सुरक्षित होता. त्यांनी तो सोडला. प्रस्तुत लेखकाने सारे आयुष्य महाविद्यालयीन नोकरीत काढले असल्याने, या निर्णयातील धाडसाचे मोल त्याला जरा अधिक जाणवते, हे मान्य केले पाहिजे.

४.३ कंपनी काढून कोश

मराठीत कोशांची परंपरा नव्हती असे नाही. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश १८३१ मध्ये निघाला होता. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी प्राचीन व अर्वाचीन ऐतिहासिक कोश रचले होते. परंतु मोल्सवर्थला सरकारचा आश्रय होता, आणि गोडबोल्यांच्या कामाची व्याप्ती इतिहास व पुराणे यांपुरती होती. रसायनापासून रोमन कायद्यापर्यंत सर्व विषय मराठीतून सांगणारा कोश काढायचा, तर पगारी माणसे हवीत, ग्रंथसंग्रह हवा, छापखाना हवा आणि पहिला खंड विकला जाण्यापूर्वी काही वर्षे पुरेल इतका पैसा हवा. हा पैसा उभा करण्यासाठी केतकरांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश मंडळ’ ही मर्यादित कंपनी नागपुरात स्थापन केली. वर्ष होते १९१६. पुढे कामाचे ठिकाण पुण्यात आले.

राजाश्रय किंवा एखाद्या धनिकाचे दातृत्व यांवर न विसंबता भागधारक आणि वर्गणीदार यांच्या बळावर विद्येचे काम उभारायचे, ही कल्पना मराठी वाङ्मयाच्या व्यवहारात धीट होती. तिच्यातील धोकाही तितकाच उघड होता. पुस्तकाचा खरेदीदार तयार वस्तू पाहून पैसे देतो. कोशाचा वर्गणीदार अद्याप न लिहिलेल्या खंडांवर विश्वास ठेवतो. खंड निघण्यास विलंब झाला की विश्वास डळमळतो, वर्गणी थांबते, आणि वर्गणी थांबली की विलंब आणखी वाढतो. या चक्रात न अडकता काम पुढे रेटणे म्हणजे संपादकाने एकाच वेळी विद्वान, हिशेबनीस आणि फिरता विक्रेता होणे होय. केतकर हे तिन्ही झाले. या साऱ्या उलाढालीची हकिकत त्यांनी स्वतःच ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने १९२७ मध्ये प्रसिद्ध केली. ज्ञानलेखनाच्या व्यवहाराविषयी मराठीत इतके सविस्तर आत्मनिवेदन दुर्मिळ आहे. ज्यांना लेखनावर उपजीविका करावयाची आहे त्यांनी काव्यशास्त्राच्या एखाद्या ग्रंथाआधी हे पुस्तक वाचावे, असे सुचवावेसे वाटते.

कोशाचे खंड १९२० पासून निघू लागले. पहिले पाच प्रस्तावनाखंड होत : हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास. त्यानंतर अकारविल्हे नोंदींचे खंड, शेवटी सूचीचा खंड आणि हिंदुस्थानविषयक पुरवणी, असे एकंदर २३ खंड झाले. नोंदी सुरू होण्यापूर्वी पाच खंडांची प्रस्तावना, ही रचना आज विचित्र वाटेल. नुसती माहिती शोधायला आलेल्या वाचकाला तिचा काही उपयोग नाही, असा आक्षेप घेता येतो आणि तो खोटा नाही. पण केतकर मुळात समाजशास्त्रज्ञ होते. सुटी माहिती देण्यापूर्वी ती जिच्यात बसते ती चौकट वाचकाच्या हाती द्यावी, असा त्यांचा आग्रह यातून दिसतो.

४.४ कोशाच्या लेखनातील अडचणी

आता आपल्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. अशा कोशात लिहिणाऱ्यापुढे कोणत्या अडचणी असतात?

पहिली अडचण क्रमाची. ‘ज्ञानकोश’ हाच शब्द घ्या. तो ‘ज’च्या नोंदींत शोधायचा, की ‘ज्ञ’ हे स्वतंत्र अक्षर मानून वर्णमालेच्या शेवटी? अनुस्वार असलेला शब्द आधी की नंतर? परकी विशेषनामे उच्चाराप्रमाणे लिहायची की स्पेलिंगप्रमाणे? भाषाशास्त्राच्या वर्गात या प्रश्नांवर तासभर चर्चा रंगते. संपादकाला मात्र पहिला फर्मा छापण्यापूर्वी निर्णय घ्यावा लागतो आणि तो शेवटच्या खंडापर्यंत पाळावा लागतो.

दुसरी अडचण वेळेची. ‘अ’चा खंड छापून वर्गणीदाराच्या घरी गेलेला असतो तेव्हा ‘ह’च्या नोंदी लिहिल्याही गेलेल्या नसतात. ‘अ’मध्ये पुढच्या एखाद्या नोंदीचा निर्देश केला, तर ती नोंद काही वर्षांनी त्याच नावाने आलीच पाहिजे. म्हणून नोंदींची यादी लेखनाच्या आधी सिद्ध करावी लागते. सूचनापुस्तिका किंवा नियमावली लिहिणाऱ्या कोणालाही हीच शिस्त लागते. आधी आराखडा, मग वाक्ये.

तिसरी अडचण परिभाषेची, आणि येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे. वाफेच्या यंत्रावरची नोंद लिहायची आहे असे समजा. वाचक आहे इंग्रजी न शिकलेला, पण जिज्ञासू, तालुक्याच्या गावचा शाळामास्तर. ‘पिस्टन’ला संस्कृत धातूपासून नवा शब्द घडवता येईल, तो शुद्ध असेल, पण मास्तरांना कळणार नाही. इंग्रजी शब्द तसाच ठेवता येईल. मग नोंद कोणासाठी लिहिली, हा प्रश्न उरतो. तिसरी वाट कारागिराकडे जाते. त्याच्याजवळ ‘दट्ट्या’ आहे, ‘झडप’ आहे, ‘नळकांडे’ आहे. उलट, ‘प्राणवायू’सारखा घडवलेला शब्दही वापराने रुळतो. शब्द देशी, तत्सम की परका, यापेक्षा तो एका अर्थाने आणि सातत्याने वापरला आहे काय, हे शास्त्रीय लेखनात अधिक महत्त्वाचे ठरते. ललित लेखनात पुनरुक्ती टाळण्यासाठी आपण पर्यायी शब्द योजतो. येथे एकदा ‘झडप’ म्हटले की शेवटपर्यंत झडपच.

केतकरांची स्वतःची शैली डौलदार नव्हती. वाक्य कधी ओबडधोबड होते, विचार शब्दांच्या पुढे धावतो. त्यांच्या कादंबऱ्यांच्या बाबतीत हा दोष टीकाकारांनी वारंवार दाखवला आहे. कोशात मात्र हा रुक्षपणा फारसा बाधत नाही. वाचकाला लेखक दिसावा ही तेथे अपेक्षाच नसते.

सरावासाठी : आपल्या घरातील किंवा कामाच्या ठिकाणच्या एखाद्या उपकरणाच्या पाच भागांची, तेथे प्रत्यक्ष वापरली जाणारी नावे लिहा. त्यांतील कोणते नाव कोशात ठेवाल आणि कोणते बदलाल, ते कारणांसह सांगा.

४.५ घर, कादंबऱ्या आणि अखेरची वर्षे

लंडनच्या वास्तव्यात केतकरांची ओळख एडिथ कोन या जर्मन ज्यू तरुणीशी झाली होती. १९२० मध्ये त्या हिंदुस्थानात आल्या, विवाहानंतर शीलवती केतकर झाल्या. त्या स्वतः समर्थ अनुवादक होत्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या खंडाचा त्यांनी जर्मनमधून केलेला इंग्रजी अनुवाद कलकत्ता विद्यापीठाने १९२७ मध्ये प्रकाशित केला. मराठी ज्ञानकोश पूर्णत्वास येत होता त्याच सुमारास त्याच घरात हे दुसरे मोठे काम सिद्ध झाले. केतकरांच्या गौरवलेखांत याचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो, ही खेदाची गोष्ट आहे.

कोश पुरा झाला, पण त्याने केतकरांना आर्थिक स्वास्थ्य दिले नाही. गुजराती ज्ञानकोशाचा उपक्रम त्यांनी हाती घेतला. तो तडीस गेला नाही. ‘गोंडवनातील प्रियंवदा’, ‘परागंदा’, ‘ब्राह्मणकन्या’ अशा कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. ‘ब्राह्मणकन्ये’तील कालिंदीचा प्रश्न – जातींच्या उतरंडीत जिचे स्थान कोणालाच ठरवता येत नाही अशा मुलीने जगायचे कसे – हा इथकातील त्यांच्या संशोधनाचाच प्रश्न आहे, फक्त आता त्याला नाव आणि चेहरा मिळाला आहे. या कादंबऱ्यांची दुर्गा भागवत यांनी पुढे स्वतंत्र ग्रंथ लिहून दखल घेतली. १९३१ च्या हैदराबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद केतकरांना मिळाले. ‘प्राचीन महाराष्ट्र’ या ग्रंथाचे काम त्यांनी उतारवयात आरंभले. ते पुरे होण्यापूर्वीच, १० एप्रिल १९३७ रोजी, पुण्यात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५३.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे परत येताना केतकरांचा हिशेब एकट्या त्यांच्या खात्यावर मांडून चालत नाही. कोशाच्या कचेरीत काम करताना यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे तयार झाले. त्यांच्या संपादनाखाली १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोश’ निघाला, १९४८ मध्ये ‘शास्त्रीय परिभाषा कोश’ आला आणि त्यानंतर ‘सुलभ विश्वकोश’. ज्ञानकोश मंडळाच्या नोकरीत शिकलेले कसब या माणसांनी जन्मभर वापरले. केतकरांना स्थैर्य लाभले नाही; त्यांनी उभ्या केलेल्या धंद्यात मात्र इतरांना काम शिकता आले आणि ते पुढे नेता आले.

ज्ञानकोशाचे खंड आज महाजालावरही वाचता येतात. त्यांतील शास्त्रीय माहिती बरीच जुनी झाली आहे, आणि समाजविषयक काही मते आज स्वीकारता येणार नाहीत. वाचताना हे ध्यानात ठेवावे.

स्वाध्याय : आपण ज्या व्यवसायात आहात – शेती, शिवणकाम, रुग्णसेवा, वाहनदुरुस्ती, कचेरीतील काम, काहीही – त्यातील एका संज्ञेवर सुमारे १५० शब्दांची कोशनोंद लिहा. पहिल्या वाक्यात व्याख्या द्या. लिहून झाल्यावर तो व्यवसाय मुळीच माहीत नसलेल्या एखाद्या व्यक्तीला ती वाचून दाखवा. ती जेथे अडेल ती वाक्ये अधोरेखित करून नोंद पुन्हा लिहा, आणि दोन्ही मसुदे संपर्कसत्रास घेऊन या.